दोन सह्यांचं खातं

तेव्हा मी रोह्याहून रोज एसटीने पेणला जायचे. तिथल्या एका बँकेत चालू खात्यांचं टेबल माझ्याकडे होतं. होळीच्या सुमारास गणपतींचा एक व्यापारी समोर येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या खात्यातले पैसे मला एकट्याला काढता येणार नाहीत, असं काहीतरी करून द्या."

असं बँकेत कुणी मागत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

हा माणूस मुंबई-पुण्याच्या मंडळांकडून मूर्तींच्या ऑर्डरी घ्यायचा आणि पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यांना वाटायचा. मंडळांचे ड्राफ्ट त्याच्या फर्मच्या नावाने यायचे आणि सगळे एकाच खात्यात पडायचे. आदल्या वर्षी त्याने एका कारखानदार बाईंना सांगितलं, तुमच्या मंडळाचा ॲडव्हान्स आलाच नाही. मंडळाची पोरं मूर्ती न्यायला आली ती ड्राफ्टची पावती घेऊनच. बाईंच्या पैशांतून दुसऱ्याच कारखान्याच्या रंगाचं बिल भागवलं गेलं होतं. दिवाळीनंतर त्यांना पैसे मिळाले, पण जोह्यात त्याच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

म्हणून आता त्याला प्रत्येक कारखान्यासाठी वेगळं खातं हवं होतं. नाव फर्मचंच, पुढे त्या कारखान्याचं. ज्याचा ड्राफ्ट त्याच्याच खात्यात. आणि चेकवर सह्या दोन, एक त्याची, एक कारखानदाराची.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "इन्कम टॅक्सची काहीतरी भानगड असणार. कागद नीट बघा." मी दोनदा बघितले. एकही चूक सापडली नाही, तेव्हा तर मला जास्तच संशय आला.

बाकीचे कारखानदार सह्या करून गेले. त्या बाई काही येईनात. "तुम्ही बाईमाणूस, तुमचं ऐकतील," असं व्यापाऱ्याने विनवल्यावर शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक उरकून मी जोह्याला गेले. बाई मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होत्या. हातातला ब्रश खाली न ठेवताच त्यांनी विचारलं,

"त्यानं धाडली ना तुला?"

"मी बँकेची आहे, मावशी."

"मंग काय झालं? गिऱ्हाईक तुमचा तो, मी कुठं हाय? पैसा माझा, तर नाव त्याचं कशाला गो?"

मी म्हटलं, ऑर्डर त्याच्याकडे येते म्हणून ड्राफ्टही त्याच्या नावाने येतो. पण तुमच्या सहीशिवाय त्याला एक पैसा काढता येणार नाही.

"आन् मी सही केल्यावर त्यानं मागाहून आकडा लिवला तर?"

"कोऱ्या चेकवर सही करूच नका. माझ्या टेबलाशी या, माझ्यासमोर करा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "म्हणजे आता तुझ्यावर इस्वास ठेवायचा."

सोमवारी बाई सुनेला घेऊन बँकेत आल्या. सुनेने काउंटरवरच अख्खा फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला. मग सासूने एकेक अक्षर सुटं काढत सही केली.

श्रावणात व्यापारी धापा टाकत आला. ट्रकवाले भाडं हातात पडल्याशिवाय मूर्ती चढवायला तयार नव्हते, आणि बाईंच्या खात्यात रक्कम होती. "दोनच दिवस, मॅडम. नंतर भरतो."

"जुने ग्राहक आहेत, बघा काहीतरी," केबिनमधून साहेबांचा आवाज आला.

"दुसरी सही लागेल," मी म्हटलं.

त्याने टेबलावर हात आपटला. "ही खाती मागितली कुणी? मीच ना?"

"म्हणूनच सांगतेय."

तो तडक जोह्याला गेला आणि बँक बंद व्हायच्या आत चेक घेऊन परत आला. चेकवर दुसरी सही होती. मी नमुन्याच्या सहीशी ताडून बघितली. नाव तेच, वळणही जवळपास तेच, पण ही सही एका दमात केलेली होती. मी म्हटलं, बाईंना घेऊन या. तो चेक खिशात घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या निरोपावरून बाई आल्या.

"आला व्हता तो," त्या म्हणाल्या. "माज्या हाताला रंग व्हता, म्हणून सुनेनं केली सही."

"मग पैसे द्यायचे का त्यांना?"

"आता नको," त्या झटकन म्हणाल्या.

ट्रकचं भाडं त्याने कुठून उभं केलं, कळलं नाही. मूर्ती वेळेवर गेल्या आणि विसर्जनाच्या आत सगळ्या कारखान्यांचे पैसेही चुकते झाले. पुढच्या वर्षी बाईंनी मंडळाशी थेट बोलणं केलं आणि स्वतःच्या नावाने खातं उघडलं. बाकीच्यांची दोन सह्यांची खाती चालू राहिली. व्यापारी चेक घेऊन यायचा, मी सह्या ताडत असताना खिडकीबाहेर बघत बसायचा. इतरांपेक्षा त्याच्या चेकला मी जास्त वेळ लावते, हे त्यालाही कळत होतं.

पुढे एकदा बाई पेणच्या बाजारात भेटल्या. मी विचारलंच, "मावशी, ती सही खरंच सुनेची होती?"

"तुला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, आणि भाजीवालीशी घासाघीस करायला वळल्या.