झाडावरचं लुगडं

सावेडीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तीन-चार पोरांनी मिळून फर्निचरचा डिझाइन स्टुडिओ काढलाय. त्यांची म्होरकी पंचविशीतली मुलगी. मी दूध आणायला निघालो की आतून हाक येतेच, "काका, बसा जरा!" मी नव्या खुर्चीत बसतो आणि ती फरशीवर पालथी पडून माझी बैठक न्याहाळते. "तुम्ही डावीकडे कलताय," हे इतक्या वर्षांत मला बायकोनंही सांगितलं नव्हतं.

शिर्डीतल्या एका हॉटेलच्या लॉबीसाठी त्यांनी महिनाभर खपून सागवानी झाड केलं, पार छताला टेकणारं. "याला इन्स्टॉलेशन म्हणतात, काका. हे नुसतं बघायचं." झाडाच्या उद्घाटनाला तिनं मलाही नेलं. फीत कापली, टाळ्या झाल्या. तेवढ्यात हॉटेलात उतरलेल्या पाथर्डीकडच्या एक आजी आंघोळ करून जिना उतरल्या आणि टाचा उंचावून त्यांनी ओलं लुगडं फांदीवर वाळत घातलं. पाठोपाठ चार टॉवेल आले.

मालक लालबुंद झाला. पोरगी आता रडणार, असं मला वाटलं. पण ती आजींजवळ गेली.

"आजी, हात पुरतोय का?"

"न्हाई गं बाई, लई उंच हाय. खाली खुंटी मार की एखादी."

तिनं आजींचा हात धरून खोडावर पेन्सिलीनं खूण केली.

"अहो, ही कला आहे ना?" मालक ओरडला.

"आहेच की. जरा सरका," म्हणत तिनं ड्रिल लावलं. मालकाच्या नव्या बुटांवर भुसा पडत राहिला आणि आजी म्हणाल्या, "आजून येक मार, सुनंच्या साडीला."