उजव्या बुटाचं टोक

जिन्याखालच्या त्या दुकानात सरळ उभं राहायची सोय नव्हती, त्यामुळे उस्ताद एकतीस वर्षं बसूनच होते. उस्ताद हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. बूट-चपला दुरुस्त करणाऱ्याला उस्ताद म्हटलं की काम लवकर होतं, असा त्यांचा समज. काम आपल्याच चालीने होई, पण नाव चिकटलं.

उस्तादांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. तळवे राहत. सख्खा मेहुणा दारात आला तरी आधी खाली बघून मगच "या, बसा" म्हणत. टाच बाहेरून झिजली की कंबर कुठे दुखते आणि आतून झिजली की कुठे, हे त्यांना पाठ होतं, आणि न विचारता ते सांगत. एवढं लक्ष घरात दिलं असतं तर नळ गळायचा थांबला असता, असं बायकोचं मत होतं.

कोपऱ्यावरचे मास्तर हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले; ऐकायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून दर दुरुस्तीमागे उस्तादांना एक जुना इंग्रजी शब्द मिळे, कुळासकट. 'कॉर्डवेनर' म्हणजे नव्या चामड्याचे जोडे करणारा. शब्द आला स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या चामड्यावरून. जुने जोडे सांधणारा तो नुसता कॉबलर. उस्तादांना हा भेदभाव अजिबात पटला नाही. 'स्लिपशॉड' म्हणजे आधी फक्त सैल सपाता घालून फिरणारा. पुढे सगळ्याच गबाळ्या कामाला तो शब्द लागला. आणि आज नाक वर करून चालणाऱ्याला 'स्नॉब' म्हणतात, तो शब्द अडीचशे वर्षांपूर्वी साध्या जोडे शिवणाऱ्याला लावत. हा मात्र उस्तादांनी कौतुकाने घरी नेला.

"म्हणजे मला आधीपासून कळलं होतं ते बरोबरच," बायको म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

एके दिवशी मास्तर बूट घेऊन आले. डावा धड होता. उजव्याचं टोक पुढून खरवडलेलं. उस्तादांनी तो लोखंडी पावलावर उलटा चढवून त्यावर बोट फिरवलं.

"मास्तर, उजवं पाऊल उचललं जात नाहीये तुमचं. फरफटतंय. डॉक्टरांना दाखवा."

मास्तरांना राग आला नाही. शब्द आठवला, आणि ते जास्त वाईट झालं.

"अल्ट्राक्रेपिडेरियन!" मास्तर खूश होऊन म्हणाले. जुन्या ग्रीसमध्ये एका चित्रकाराच्या चित्रातली चप्पल चुकली होती. जोडे शिवणाऱ्याने ती दाखवली, चित्रकाराने मुकाट सुधारली. त्याने हा गडी चढला आणि चित्रातल्या पायालाही नावं ठेवू लागला. तेव्हा चित्रकाराने त्याला चपलेपाशीच थांबायला सांगितलं. "शब्दात लॅटिनमधली चप्पलच आहे, उस्ताद. तिच्या पलीकडे जाणारा. म्हणजे कळत नाही त्यात तोंड घालणारा."

दुकानात आणखी दोघं होते, ते हसले. मग उस्तादही हसले. शब्द त्यांना चांगलाच झोंबला होता, पण तसं दाखवायची पद्धत नव्हती. त्या दिवसापासून ते फक्त बुटांबद्दल बोलू लागले.

महिन्याने तेच टोक पुन्हा गेलं. उस्तादांनी जाड चामडं लावलं आणि तोंड मिटून ठेवलं. चित्रातला पाय रंगाचा होता, तो बिघडल्याने कुणी पडणार नव्हतं, हे त्यांना टाके घालताना सुचलं. पण मास्तर तोवर नवा शब्द सांगून निघून गेले होते.

आणखी महिन्याने मास्तर आले ते दोन्ही तळहात सोलपटून. "रस्तेच खराब झालेत," ते म्हणाले आणि बूट काढून दिला. टोकातून मोजा दिसत होता.

उस्तादांनी बूट घेतला आणि आपल्या पाठीमागे ठेवून दिला. "मिळणार नाही. आधी डॉक्टरांचा कागद आणा."

"अरे, बूट माझा आहे!"

"असू दे. पाय पण तुमचाच आहे."

मास्तर बरंच बोलले, दोन भाषांत. उस्ताद ढिम्म हलले नाहीत. शेवटी दुकानातली कुणाची तरी न नेलेली चप्पल घालून मास्तर घरी गेले.

तीन आठवड्यांनी मास्तरांची मुलगी बूट न्यायला आली. पाठीत नस दाबली गेली होती, ऑपरेशन झालं. "डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणलं असतं तर पाऊल पूर्ण उचललं गेलं असतं. आता अर्धंच." तिला बाकीचं काही माहीत नव्हतं. उस्तादांनी बूट पुसून तिच्या हातात दिला. त्या दुपारी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या चपलेचा पट्टा उजवीला लावला.

मग मास्तर स्वतः आले, काठी टेकत. बसायला वेळ लागला. या वेळी इंग्रजी शब्द निघाला नाही.

"तुम्ही पहिल्याच वेळी सांगितलं होतंत," ते म्हणाले. "मीच तुमचं तोंड बंद केलं."

"तुम्ही एकदाच केलंत. पुढचे दोन महिने मीच मिटून बसलो." उस्तादांना मास्तरांचा राग होताच, स्वतःचा त्याहून जास्त होता. हातांना काहीतरी हवं म्हणून त्यांनी मास्तरांचा डावा बूट काढून घेतला, उलटा केला आणि टाचेवर बोट फिरवलं.

"सगळा भार या पायावर टाकताय. गुडघा दुखतो का?"

मास्तरांचा हात गुडघ्यावर गेला. "दुखतो."

"मग?"

"उद्या सकाळीच जातो," मास्तर म्हणाले.