मामांनी सगळं चालू केलं

कारखान्यातून आलेली प्रत्येक वस्तू अर्धवट लावलेली असते आणि उरलेली अर्धी लावायचं काम देवानं आपल्यावर सोपवलंय, असं मनापासून मानणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. प्रकाशा या त्यांच्या गावी, घरी गेलं की पाण्याच्या तांब्याआधी त्यांचा हात पुढे येतो. ‘दखू, तुम्हना मोबाईल द्या.’ चहा संपेपर्यंत फोनमधली अक्षरं हरभऱ्याएवढी झालेली असतात, घंटीऐवजी कोंबडा आरवू लागलेला असतो आणि ‘आते बेस शे’ म्हणून फोन परत मिळतो. एकदा त्यांनी शेजाऱ्याच्या केळीच्या ठिबकचा टायमर त्याला न विचारता ‘सुधारला’. केळी राहिली कोरडी आणि बांधावरच्या वाटेवर इतका चिखल झाला की दूधवाल्याची सायकल तिथंच रुतली. शेजारी तावातावानं भांडायला आला. मामांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि बोलता बोलता त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेऊन तेही लावून दिलं. बिचारा भांडण विसरून घरी गेला. देवळाच्या भोंग्यावर त्यांनी एकदा असेच उपचार केले, तेव्हा आरती नदीपलीकडे खणखणीत ऐकू जायची आणि गाभाऱ्यात पुजाऱ्याला मात्र आवाजाऐवजी नुसतं आपलं तोंड हलताना जाणवायचं.

त्यांच्या या कारभारामागे एक तत्त्व आहे. मामांना बंद वस्तू बघवत नाही. बंद खिडकी, बंद पंखा, बंद पडलेलं घड्याळ, झाकण लावलेली बरणी, काहीही असो, त्यांचा जीव कासावीस होतो. पाहुण्याच्या पिशवीची चेनही ते ओघात उघडून ठेवतात, आणि त्यात वाईट हेतू नसतो. ‘हवा लागू द्या ना,’ एवढंच त्यांचं म्हणणं. माझंही त्यांच्यावर चिडून झालंय, पण त्यांच्यावरचा राग घरी पोचेपर्यंत टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

या माणसाच्या ओटीवर, धान्याच्या कोठीशेजारी, मामींनी भरतकाम केलेल्या रुमालाखाली एक कॉम्प्युटर आहे. शहाद्याच्या दुकानदारानं सुटे भाग जोडून दिलेला. दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बरोबरीनं त्यालाही झेंडूचा हार पडतो. एरवी तो पत्ते खेळण्याच्या कामाचा, पण श्रावणात त्याला देवघराइतका मान. कारण त्याच्यात मामींची कानबाईची गाणी आहेत. आमच्या खान्देशात कानबाई ही देवी घरोघरी बसते त्या रविवारी गाणं उचलणारी एक बाई लागते, बाकीच्या मागून धरतात. मामांच्या भावकीत ती बाई म्हणजे मामी. त्यांनी तोंड उघडलं की म्हाताऱ्या जावा हातातलं काम टाकून यायच्या. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा मामांनी त्यांना कॉम्प्युटरसमोर पाटावर बसवून एकेक गाणं भरून घेतलं. ऑपरेशननंतर मामींचं गाणं थांबलं आणि बोलणंही. तेव्हापासून कानबाईला कॉम्प्युटर गाणं उचलतो आणि बायका मागून धरतात. मामी मधोमध बसून नुसते ओठ हलवतात.

मी नंदुरबारला एका शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली सांभाळतो. एवढ्या भांडवलावर सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत मी त्या विषयातला तज्ज्ञ आहे. मी मामांना म्हटलं होतं, ही गाणी माझ्याकडे पेनड्राइव्हवर ठेवू, अडीअडचणीला बरं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कानबाईच्या प्रसादाचा रोटच मागितला. रोट म्हणजे भाऊबंदांनी भाऊबंदांतच खायचा, परक्या घरच्याला त्याचा तुकडाही मिळत नाही, आणि जावई परक्या घरचाच. ‘रोट भाऊबंदकीना बाहेर जास का? मंग गाना कसा जातीन?’ मामा म्हणाले. गाणी त्या एका पेटीतच राहिली.

गेल्या श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. ‘जवाई, तो उठीच नही ऱ्हायना.’ आवाज पार पडलेला. ‘कोण, मामा?’ तर म्हणे कॉम्प्युटर. मी गाडीला किक मारली.

झालं होतं ते असं. सणाची साफसफाई चालली होती. डबे घासून झाले, भिंती पुसून झाल्या, मग मामांना वाटलं कॉम्प्युटरही आतून बघावा. सुरू होताना एक कळ दाबून धरली की त्याची एक निळी पाटी उघडते. बायोस म्हणतात तिला. यंत्रानं जागं कसं व्हायचं, उठल्यावर आधी कुठं जायचं, हे सगळं तिथं ठरलेलं असतं. मामांनी ती उघडली आणि ओळींसमोरचे शब्द कुणाला तरी फोनवर विचारून त्यांचा अर्थ लावला. ‘दखा ना जवाई, जठे दखो तठे बंद, बंद, बंद! कानबाई उनी ते तिले काय वाटी? सणना दिन घरमा इतलं बंद ठेवतस का? मंग मी सगळं चालू करी टाकं.’

आणि सगळं चालू केल्यावर कॉम्प्युटर बंद पडला. म्हणजे दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तो नेटवर्कच्या तारेतून कुणी आपल्याला सुरू करून देतंय का, ते शोधत बसायचा. तार तर लावलेलीच नव्हती. ‘सोतानाच पोटमा शे आनि जगभर शोधी ऱ्हायना,’ मामा हताश होऊन म्हणाले. मी मोठ्या रुबाबात कारखान्यानं दिलेल्या मूळ सेटिंगवर परत गेलो. शोधाशोध थांबली, पण आता नुसतं चिन्ह दिसायचं, एक निळी झलक यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा रुबाब तिथंच संपला. शहाद्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो जेवत होता. ‘लई या, फॉरमॅट मारी देस. एकदम कोरा व्हयी जाई,’ म्हणाला.

‘कोरा?’ मामा खाटेवर बसले. ‘आनि तिन्हा आवाज?’

आतली डिस्क काढून माझ्या शाळेत दुसऱ्या मशीनला लावून बघता आली असती. मी तसं सुचवलंही. पण कानबाई उद्यावर आलेली असताना ती वस्तू उंबऱ्याबाहेर न्यायला मामा तयार होईनात. दारापाशी मामी चिंचेनं पितळी तांब्या घासत होत्या. त्यांचा हात कधीच थांबला होता. त्या आमच्याकडे बघत होत्या.

शेवटी मी मामांना विचारलं, ‘सगळं म्हणजे नक्की काय काय बदललं, आठवतंय का?’ मामांना आठवत नव्हतं. पण ते म्हणाले, ‘तिले ईचारी ईचारीच करं मी. वाची दाखाडं एकेक.’ सकाळी मामी शेजारी होत्या, मामा प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होते आणि उघडू का म्हणून विचारत होते. मी मामींना बोलावून खुर्चीवर बसवलं. मामा सकाळसारखं वाचू लागले. मामी मान डोलवत होत्या, हे विचारलंत, हेही विचारलंत. एका ओळीवर मात्र त्यांनी मान जोरात आडवी हलवली आणि मामांकडे डोळे वटारून पाहिलं.

‘हाईले ती नको म्हनेल व्हती,’ मामा हळूच म्हणाले.

‘मग तुम्ही?’

‘मी म्हनं, एकच कसाले बंद ठेवो?’

हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं, ते ठरवणारी ती ओळ होती. दुकानदारानं ती बंद करूनच आतला सगळा संसार मांडला होता, आणि कारखान्याच्या हिशेबात मात्र ती उघडी होती. मामींना इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. झालं तेवढं पुरे, आता सोडा ते, एवढाच त्या नकाराचा अर्थ होता. मी ती ओळ बंद केली, बदल जतन केला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. चिन्ह आलं, थांबलं, आणि नेहमीचा पडदा उघडला. मामांनी आधी कॉम्प्युटरला हात जोडले, मग बायकोला.

गाणी आहेत ना, ते बघायला त्यांनी पहिली फाइल लावली. गाण्याच्या आधी मामींचं बोलणं भरलं गेलं होतं, ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. सणाला बहुधा ते ओलांडूनच लावत असावेत. ‘व्हयनं का सुरू? व्हयनं ना? मंग आते हात नका लावू त्याले. कितला हात लावतस तुम्ही, माय वं!’ पाठोपाठ खाकरणं, आणि गाणं. पहिल्याच ओळीला मामांनी ते थांबवून मागे नेलं. पुन्हा तेच बोलणं. पुन्हा मागे. मी काही विचारलं नव्हतं, तरी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, ‘गाना भाऊबंदस्ना शेत, जवाई. हाई इतलं मन्हं शे.’

फोन, ठिबक, भोंगा, सगळ्या जगाला हात लावत हिंडणाऱ्या या माणसाला ‘हात नका लावू’ म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं, आणि ते ऐकायला तो रोज या पेटीपाशी येऊन बसत असणार. मामांचा हात पुन्हा माऊसकडे गेला. तेवढ्यात मामींनी चिंचेनं ओल्या झालेल्या बोटांनी तो हात उचलला आणि मामांच्याच मांडीवर ठेवून दिला. मामांनी तो तिथंच राहू दिला, आणि गाणं पुढे चालू राहिलं.