शी म्हणणाऱ्या काकू

कुणाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तीही कॉमर्सची. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनी हे वाचलं, तर पहिल्याच ओळीला काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणून आधीच माफी मागून ठेवतो.

त्या म्हणतील, "शी."

भाईंदरला गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना शी-काकू म्हणायचे. मुंबईच्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर होऊन त्या मुलाबरोबर इथे राहायला आल्या होत्या. समोर येणारा प्रत्येक खाण्याचा पदार्थ त्या आधी नाकाशी न्यायच्या आणि मग बहुतेक वेळा तो एकच शब्द उच्चारायच्या. बिस्किटांना तो तुटक असायचा, फरसाणाला लांब. पाकिटातल्या आलं-लसूण पेस्टला तर त्या तो डोळे मिटून म्हणायच्या.

वाण्याकडे तेलाची पिशवी उघडून वास घ्यायची त्यांची सवय होती. वाणी वैतागून म्हणायचा, "काकी, पूरा भाईंदर यही खाता है."

"म्हणूनच पूरा भाईंदर डॉक्टरकडे लाईन लावून बसतो," काकू म्हणायच्या. "शेंगदाण्याचं तेल म्हणतोस आणि शेंगदाण्याचा वास नाही? मेलेलं तेल आहे हे."

एकदा मी जिन्यात कोपऱ्यावरच्या गाडीवरचा वडापाव खात उभा होतो. तेच माझं जेवण होतं. काकूंनी वडा कागदात गुंडाळून दाबला आणि कागद उजेडाकडे धरला. वंगणासारखा तपकिरी डाग पसरत होता. "कढई पाहिलीस त्याची? कडेला जाड थर बसलाय. तो रोज थोडा थोडा सुटतो आणि तू खातोस." मला राग आला होता, भूकही होती. पण त्या गाडीजवळून जाताना आजही मी आधी कढईची कड बघतो.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी आणि आई चहाबरोबर खारी खात होतो. काकूंनी खारीचा तुकडा बोटांत चोळला. बोटांवर मेणासारखा चिकट पांढरा थर राहिला. तो त्यांनी आईला दाखवला आणि म्हणाल्या, "हे पोरांच्या पोटात जातं." आईने उरलेली खारी डब्यात परत ठेवली. दुसऱ्या दिवशी काकू नाचणीचं पीठ घेऊन आल्या, तेव्हा मात्र शी म्हणायची पाळी आईची होती.

"काकू, गुहागरला लहानपणी दुसरं काही नव्हतं म्हणून हेच खाल्लं. नाचणी सुटावी म्हणून तर मुंबईला आलो आम्ही. आता पोराला तेच खायला घालू?"

काकूंनी पीठ आमच्या ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मला भाकरी जमत नाही गं. मोडते. तू थापून दे, आपण दोघी खाऊ." आईने तोंड वाकडं करतच थापली. पहिला घास घेतल्यावर ती बराच वेळ पाठ फिरवून तव्यापाशी उभी राहिली. त्यानंतर आमच्याकडे खारी आली नाही.

काकूंना सगळं कळत होतं असं नाही. मीरा रोडच्या एका झगमगीत दुकानातून त्यांनी 'गावठी' लाल तांदूळ आणला. धुवायला घेतला तर पाणी रंगपंचमीसारखं झालं आणि खालून पांढरा तांदूळ निघाला. काकूंना तिथेच मोरीत ओकारी आली. त्यानंतर वस्तू जिथे तयार होते तिथेच त्या जाऊ लागल्या, तांदळाला चेणे गावात, सुकटीला पालीच्या कोळीवाड्यात. पिशव्या उचलायला मी बरोबर असायचो. पालीला प्रत्येक वाट्याचा वास घेताना पाहून कोळीणबाई म्हणाली, "अगो बाय, वासावरच पोट भरतंस का? घ्यायची हाय का न्हाय?" परतीच्या बसमध्ये त्या सुकटीमुळे सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. एक बाई उघडच "शी" म्हणाली. काकू इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पण याच शब्दाने त्यांचं घर मोडलं. दिवाळीत त्यांच्या सुनेने, वर्षा वहिनींनी, शंकरपाळ्या केल्या होत्या. माहेरची माणसं बसली होती. काकूंनी एक तोंडात घातली, सगळ्यांसमोर हातावर काढली आणि तो शब्द म्हणाल्या. ओली, अर्धवट चावलेली ती शंकरपाळी ताटलीच्या काठावर पडली होती आणि कुणालाच तिकडे बघवत नव्हतं. महिन्याभरात मुलगा आणि वहिनी मीरा रोडला भाड्याच्या घरात गेले.

"मी डालड्याला म्हटलं, तिला नाही," काकू मला सांगायच्या.

"मग तसं वहिनींना सांगा ना."

"ती विचारते कुठे?"

दर रविवारी त्या भाजणीची थालीपीठं करून मुलाची वाट पाहायच्या. तो यायचा, एकटाच. उरलेली थालीपीठं संध्याकाळी आमच्याकडे यायची. एवढं चोखंदळ नाक असलेल्या बाईला घरातली ती शांतता कशी सहन होते, असं मला वाटायचं. विचारायचा धीर झाला नाही.

मागच्या पावसाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. हॉस्पिटलमधून त्यांना न्यायला वर्षा वहिनी आल्या आणि कुणाला न विचारता आपल्या घरी घेऊन गेल्या.

मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी त्यांना पाकिटातलं सूप भरवत होत्या. त्याचा पिवळा रंग आणि मसाल्याचा तो खोटा वास मला दारातच लागला. काकूंनी मुकाट्याने तोंड उघडलं आणि गिळलं. नाकपुडीसुद्धा हलली नाही. हनुवटीवरून ओघळ आला, तो वहिनींनी पुसला.

"काहीही दिलं तरी गिळतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "मुद्दाम काय काय देऊन पाहिलं. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, कदाचित नाहीच येणार बोलणं. अरे, मला बघवत नाही रे हे."

मलाही बघवलं नाही. त्यानंतर अभ्यासाचं निमित्त सांगून मी जायचं टाळत राहिलो.

काल वहिनींचा फोन आला. नाव बघून मी घाबरलो, उचलायला वेळ लावला.

"सकाळी ऑफिसची घाई होती," त्या म्हणाल्या, "म्हणून चहात बिस्किट बुडवून भरवलं. तोंडात घेतलं, थांबल्या, डाव्या हातावर काढलं. माझ्याकडे बघितलं आणि बोलल्या."

"काय बोलल्या?"

"काय बोलणार?" पलीकडे वहिनी नाक ओढत होत्या. "मी म्हटलं, परत म्हणा. तर परत म्हणाल्या. बरं, तुझ्या आईला फोन दे. नाचणीची पेज कशी करायची ते विचारायचंय."