एका गावात एकच विहीर

गजूभाऊ मेला तेव्हा आमचा अबोला होता.

कारण काय, तर एक विहीर.

आज वर्ष झालं म्हणून लिहितो. रडारड त्याला चालायची नाही. मलाही जमत नाही.

चंद्रपूरच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी शेजारी. काम कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं. रस्ते, नाल्या, नळाच्या लाइनी. गजूभाऊ ऊर्जानगरहून बाइकवर यायचा आणि हेल्मेट काढायच्या आधी कॉम्प्युटर चालू करायचा.

त्याचा एक नियम होता. गावात जायचं, कधी हलणार नाही असा दगड धरायचा, तिथे ड्रॉइंगचं शून्य, सारी मापं तिथून. त्या गावाच्या साऱ्या फाइली त्याच शून्यावरून.

आणि प्रत्येक फाइलीत गावची विहीर काढायचीच. काम विहिरीचं असो नसो.

मग फाइली एकावर एक ठेवायच्या. विहीर एकच दिसली तर ठीक. दोन दिसल्या की पेटलाच!

"गावात विहीर एक हाये, तं नकाशात दोन कशा झाल्या बे?"

मुलचेऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावाचं काम आलं. नळ आणि नाली आमच्याकडे, रस्ता दुसऱ्या ऑफिसकडे. गजूभाऊ मोजणीला गेला तर चैतीबाई नावाची म्हातारी आडवी आली.

"भाऊ, माह्या मोहाले लाल रंग काऊन लावला?"

लाल रंग म्हणजे तोडायचं झाड. ते रस्त्यात येत होतं म्हणे. उन्हाळ्यात त्याखालची फुलं वेचायची, वाळवायची, विकायची. म्हातारीचं घर चालायचं त्यावरच.

ऑफिसात येऊन त्याने रस्त्याची फाइल आमच्या फाइलीवर ठेवली.

दोन विहिरी.

तिकडे कोणीतरी सोयीसाठी अख्खं ड्रॉइंग उचलून भलत्याच शून्यावर नेलं होतं. काम झाल्यावर परत जागेवर ठेवलं, पण नजरेच्या अंदाजाने. रस्ता सरकला तो थेट मोहाच्या बुंध्यावर.

मी म्हटलं, "विहिरीवर विहीर आणून ठेव न. दोन मिनटाचं काम."

"अन् रस्ता तिरपा फिरला असन तं? एका विहिरीवरून काय समजते? दगडापासून सारं पुन्हा मोजा लागते."

"सोमवारी द्या लागते न बाप्पा! एका झाडासाठी अख्खं ऑफिस लटकवतं का?"

"झाड तिचं हाये. तुह्यं असतं तं?"

माझं नव्हतं. बोलणं बंद.

तो पुन्हा गावात गेला. मोजून आला. दोन दिवस मान वर केली नाही.

रविवारी सकाळी चहा पिता पिता गेला. हार्ट अटॅक.

सोमवारी मी त्याच्या खुर्चीवर बसलो. काम अर्धवट असतं तर मोह जाणारच होता. पुन्हा मोजायला आता कोण जाणार?

रस्ता, नाली, नळ. तिन्ही फाइली एकावर एक टाकल्या.

विहीर एकच.

झूम केलं. एकच.

अजून झूम केलं. एकच!

मोह नालीच्या दोन हात पलीकडे उभा. "साल्या," म्हटलं स्क्रीनला. अबोला मोडला तो असा, एकतर्फी.

जागेवर रस्त्याच्या आखणीच्या दिवशी मी गावात गेलो. चैतीबाईने विचारलं, "ते चष्मेवाले भाऊ नाई आले?"

सांगितलं.

ती घरात गेली आणि पानाच्या द्रोणात मोहाची दारू घेऊन आली. आपल्या गेलेल्या माणसांना देतात तशी थोडी बुंध्याशी ओतली. गोंडीत काही बोलली. मला समजलं नाही.

गजूभाऊ जन्मभर थेंबाला शिवला नाही. सांगावं वाटलं. मग राहू दिलं.

तो जरा जास्तच करायचा, हे माझं म्हणणं आजही आहे. पण फाइलीत विहीर मीही काढतो आता. दोन दिसल्या की बाजूच्या टेबलाकडे मान वळते.

आठवण येते यार. लय येते.

लाल रंग उडालाय. मोह उभा आहे.

जा भाऊ आता. रामराम.