उबेवर वाजणारी घंटी

"हात असावा तर भिंगवालीसारखा," असं प्रयोगशाळेतले साहेबसुद्धा म्हणायचे, आणि साहेब म्हणजे कौतुकाच्या बाबतीत पक्का कंजूष माणूस! बावीस वर्षं ती भिंगावर मान वाकवून बसली. तिळाहून बारीक तुकडे चिमट्यानं उचलायचे, एकाला एक जोडून डाख द्यायचा. अशा शंभर जोड्या झाल्या की नखाएवढी चकती तयार. तिची एक बाजू गरम आणि दुसरी गार राहिली की वीज निघते; बॅटरी नको, काही नको. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी दम भरायची, "नुसती ऊब काय कामाची? वरची बाजू गार हवी. दोन्हीकडं सारखं झालं की खेळ खलास!"

मग आईचं एक अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. जन्मभर बडबडून घर डोक्यावर घेणारी बाई मुकी झाली. भिंगवालीला ते बघवेना. साहेबांच्या मागं भुणभुण लावून तिनं एक चकती मागून आणली, पट्ट्यात बसवली आणि आईच्या धड हाताला बांधली. हाताच्या पाठीवर चकती, अंगठ्याखाली बटण. दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. साठवण काहीच नव्हती. अंगाची ऊब आणि खोलीतली गार हवा, यांच्या जिवावर सगळं चालायचं.

म्हातारीला तर खेळणंच मिळालं. पाणी हवं, पडदा सारायचाय, नाहीतर उगीच, लेक येते का ते बघायला! "आई, पुरे गं, कान किटले माझे," भिंगवाली ओरडायची, आणि आई वाकड्या तोंडानं हसायची.

त्या सुट्टीच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. आईचा हात बर्फासारखा लागला. "अगं, गारठलीस की," म्हणत तिनं तो हात रजईत घातला, लहानपणी आई करायची तशा चारी कडा खोचल्या आणि ती स्वयंपाकाला लागली.

तासभर घंटी वाजली नाही. चला, झोप लागली बिचारीला, असं वाटून तिलाही बरं वाटलं. किती दिवसांनी तिनं बसून, निवांत चहा घेतला.

मग बघायला गेली, तर आई गेलेली होती. तिनं रजई उचलली. अंगठा बटणावर घट्ट दाबलेला होता. तिनं चकतीच्या वरच्या बाजूला बोट लावलं. ती आईच्या हाताइतकीच उबदार होती.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणाच्या हातात काही नव्हतं. भावानंही तेच समजावलं, "ताई, तू जवळ असतीस तरी ती वाचली नसती गं."

"वाचवायचं कुठं म्हणतेय मी?" ती म्हणाली. "ती मला बोलवत होती रे. आणि मी चहा पीत बसले होते."