काचेपलीकडचं बोट

घरी मिक्सर आला आणि माझा वरवंटा रिकामा झाला. पुढे तो समुद्रात जाईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमचे यजमान तंजावुरात बँकेत होते. सुट्टी मिळाली की पट्टुकोट्टैची बस धरून ते समुद्रावर जायचे, समुद्रातल्या इवल्याशा जिवांचे फोटो काढायला. पोहता येत नाही, पाण्यात चालणारा कॅमेरा नाही. म्हणून गुडघाभर पाण्यात मासे पाळायची काचेची टाकी ठेवायची, ती तरंगू नये म्हणून आत माझा वरवंटा टाकायचा आणि कॅमेऱ्यासकट डोकं टाकीत घालायचं. लेन्स उलटी बसवलेली. त्यामुळे बारीक जीव मोठा दिसे, पण केसभर हललं तरी सगळं धूसर. कोळणी पोट धरून हसायच्या. मीही हसायचे, पण त्यांच्या चिकाटीपुढे मनातून हात जोडायचे.

एकदा म्हटलं, "अहो, कधी माझाही काढा ना फोटो."

"तूं फार मोठी आहेस गे!"

दोन दिवस मी अबोला धरला.

त्या किनाऱ्यावर त्यांना एकदा तांदळाच्या दाण्याएवढी, बिनशंखाची हिरवी गोगलगाय दिसली होती. कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, इथे ती नसतेच, तुम्ही शेवाळ पाहिलं असेल. ते यजमानांच्या जिव्हारी लागलं. त्यातच बदलीची ऑर्डर आली, थेट जबलपूर. समुद्र सुटणार होता. निघण्याआधीच्या रविवारी मीही सोबत गेले.

ऊन चढल्यावर ती सापडली. समुद्री गवताच्या पात्यावर बसली होती, अंगाला निळी किनार. पण लाटेबरोबर पातं डुलत होतं आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता. टाकीतून यजमानांचा रडवेला आवाज आला, "राहत नाहीं गे, जरा राहत नाहीं!"

मी लुगडं खोचलं, पाण्यात वाकले आणि काचेपलीकडून ते पातं बोटावर धरलं.

"हलूं नको. श्वासही घेऊं नको."

नाही घेतला.

फोटो धुऊन आला तेव्हा मी बघतच राहिले. एवढ्याशा जिवाला केवढी नक्षी! देवाला सवड तरी किती, आणि ती नक्षी शोधून काढणाऱ्या आमच्या माणसाला तरी किती! प्राध्यापकांनी फोटो भिंगाखाली पुन्हापुन्हा पाहिला आणि आपली चूक कबूल केली.

"मासिकाला पाठवू," ते म्हणाले. "फक्त मागचं ते बोट कापून टाका."

सांबारात मीठ नसलं तरी चकार शब्द न काढणारा आमचा माणूस ताठ बसला. "सार, ती माझी बायको आहे. कापायची नाही."

बोटासकट छापला. जबलपूरच्या घरात तोच फोटो भिंतीवर लावला. त्यांनी काढलेला माझा फोटो तेवढा एकच. बोटावरचा हळदीचा डागसुद्धा स्पष्ट आला आहे.